आक्काचा भोपळ्याचा तास

आक्का, इतक्या वर्षांत तुझ्या वर्गात एकाही पोराचं बोट कापलं नव्हतं. परवा कापलं. माझं.

भोपळा कोरताना हात कसा सांभाळायचा, हे दुसरी-तिसरीच्या मुलांना शिकवायला मी तुझ्या फळ्यासमोर उभा होतो. "बालमित्रांनो, अजिबात घाबरायचं नाही, फक्त माझ्याकडं नीट बघा," असं म्हणालो, डाव्या हाताचा पंजा भोपळ्यावर दाबला आणि उजव्या हातानं सुरी घातली. भोपळा टेबलावर गर्रकन फिरला, सुरी घसरली आणि अंगठ्यावर आली. बत्तीस मुलं माझ्याकडं नीट बघत होती. मीच सांगितलं होतं ना तसं.

जखम फार नव्हती. पण मी घाबरून अंगठा तोंडात घातला. पन्नाशी उलटलेला माणूस, चिकलठाण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं सेफ्टी कमिटीवर, रोज छातीवर सुरक्षेचा बिल्ला लावून हिंडणारा, तो वर्गासमोर अंगठा चोखत उभा. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक बारकी पोरगी बसली होती, आम्रपाली नाव तिचं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "काका, चुंबळ नाय ठेवली तुम्ही."

आणि तेवढ्यात गलका ऐकून तुमचे हेडसर दारात येऊन उभे राहिले.

पुढचं सांगतो. पण आधी तुझ्याशी थोडं भांडायचं राहिलंय, ते उरकून घेतो.

तुला जाऊन परवा पंधरा दिवस झाले होते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी हेडसरांचा फोन आला. म्हणाले, कुंपणावरच्या मॅडमच्या वेलाला सात भोपळे पिकलेत, आणि पोरं रोज विचारतात, भोपळ्याचा तास कधी? मग म्हणाले, "खरं सांगू का, मॅडम होत्या तोवर मी निर्धास्त होतो. त्यांची नजर होती. आता सुऱ्या आणि करवती वर्गात नको वाटतात. पोरांचं मन राहावं म्हणून यंदा एक तास करू. घरचं कुणीतरी या. पण कुणाला नुसतं खरचटलं जरी, तरी तो शेवटचा. पुढच्या वर्षीपासून पोरं भोपळ्याचं चित्र काढतील."

म्हणजे तुझ्या इतक्या वर्षांच्या खटपटीचा निकाल एका तासात लागणार होता. आणि तो लावायला कोण निघालं, तर मी. हेडसरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत "येतो" म्हणून मोकळा झालो. एकदाही विचार केला नाही, की या तासाला पहिल्यापासून विरोध करणारा माणूस मीच होतो.

आठवतं ना, हे सगळं सुरू कसं झालं? कुणीतरी पोरगं घरचा मोबाइल घेऊन आलं होतं. त्यात तिकडच्या देशातला भोपळा होता, डोळे-नाक-दात कोरलेला, आत दिवा लावलेला. "मॅडम, आपण बी करू." दुसरी एखादी बाई म्हणाली असती, चल गप, अभ्यास कर. तू म्हणालीस, करू, पण आधी भोपळ्याची ओळख करून घ्यायची. ओळख नसलेल्याच्या अंगाला सुरी लावायची नाही. आणि जूनमध्ये बी लावून तू पोरांना जी ओळख करून द्यायला घेतलीस, ती दिवाळीपर्यंत संपेना.

शनिवारी दुपारी तू आमच्याकडं यायचीस आणि चप्पल काढता काढताच सुरू व्हायचीस. आज पोरांना नर फूल आणि मादी फूल दाखवलं. नर फूल लांब देठावर ताठ उभं, आणि मादी फुलाच्या मागं बोराएवढा भोपळा आधीच बसलेला. मधमाश्या कमी झाल्यात, म्हणून सकाळी परिपाठाच्या आधी पोरांनी नर फूल तोडून मादी फुलाला टेकवायचं. "आज तुम्हीच मधमाश्या," असं तू म्हणालीस, आणि मग प्रार्थनेलासुद्धा पोरं गुणगुण करत उभी राहिली. हसून हसून तुला ठसका लागला होता. तुझी भावजय मंगल पाणी घेऊन धावली होती.

फळ धरलं की बाभळीच्या काट्यानं त्याच्या सालीवर आपलं नाव कोरायचं. साल वाढते तसं नावही वाढतं. हे मला चाळिशी उलटली तरी माहीत नव्हतं, आक्का. आपल्या घरामागं आई दर साली डांगराचा, ह्याच लाल भोपळ्याचा, वेल लावायची, आणि माझा त्याच्याशी संबंध फक्त घारग्यांपुरता. कुणीतरी पोरगं रोज सुट्टीत जाऊन आपल्या नावाला वीत लावून मोजायचं आणि घरी सांगायचं, आज माझं नाव एवढं वाढलं. पहिलीत ज्याला काना-मात्रा येत नव्हती ते पोरगं भोपळ्यावर अक्षर चुकू नये म्हणून पाटीवर दहादा गिरवून मग काटा हातात घ्यायचं, असं तू सांगितलंस तेव्हा मी म्हणालो होतो, "हे सगळं छान आहे आक्का. इथंच थांब. सुरीपर्यंत जाऊ नको."

तिथून आपलं भांडण सुरू. माझ्या बोलण्यात दम होता, असं मला आजही... नाही, आज नाही वाटत. पण तेव्हा वाटायचं. मी म्हणायचो, आमच्याकडं नियम साधा आहे, धोका दिसला की तो आधी तिथून हलवायचा. सात-आठ वर्षांची पोरं आणि धार एका खोलीत कशाला? तू म्हणायचीस, "दिल्या, धार घरोघर आहे. विळी आहे, विळा आहे, कापसाच्या रानात खुरपं आहे. आई-बाप कामावर गेले की ही पोरं काय बटाटा दातानं सोलतात का? सुरी लपवली की पोरगं चोरून धरतं, आणि चोरून धरलेली सुरी उलटी धरलेली असते."

मी म्हणायचो, पोस्टर लाव. तू म्हणायचीस, "अरे, ही वेरूळच्या बाजूची पोरं. रोज डोंगरात कोरलेलं देऊळ बघत शाळेत येतात. ते ज्यांनी कोरलं ते पोस्टर वाचून शिकले होते का?"

पण तू नुसती बोलायची नाहीस, हेच तर माझं दुखणं होतं. तू मलाच कामाला लावलंस. "तुझ्या कारखान्यात तुटलेली करवतीची पाती पडलेली असतात, त्यातून पोरांच्या मापाच्या करवती करून दे. तुला एवढी काळजी आहे ना, मग तूच कर." मी साहेबांना विचारून, जेवणाच्या सुट्टीत बसून, सहा करवती केल्या. बोटभर पातं, सागाची मूठ, वर पॉलिश. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम. तू त्या उलटसुलट करून बघितल्यास आणि म्हणालीस, "टोक कशाला काढलंस? भोपळ्याला इंजेक्शन द्यायचंय का?" सेफ्टी कमिटीच्या माणसानं मुलांसाठी टोकदार हत्यार बनवलं होतं आणि शाळेतल्या बाईनं ते परत पाठवलं. मी मुकाट्यानं टोकं घासून गोल केली. दात बारीक ठेवले. पुढच्या शनिवारी तू त्यातली एक स्वतःच्या तळहातावर जोरात ओढलीस. मी ओरडलो. तळहातावर नुसती पांढरी रेघ उठली. "आता जमलं," म्हणालीस.

त्या वेळी तू जे जे सांगायचीस ते मी एका कानानं ऐकायचो. आधी खडूनं चेहरा काढायचा, मग दुसऱ्या दिवशी परत बघायचा, मगच कोरायचा. कारण दगड काय आणि भोपळा काय, निघालेला तुकडा परत बसत नाही. सुरी फक्त मोठ्या माणसाच्या हातात. त्यानं देठाकडची चकती, म्हणजे टोपी, तेवढी काढायची. आतला गर आणि बिया पोरांनी चमच्यानं खरवडायच्या, साल बोटभर जाडीची उरेपर्यंत, म्हणजे करवतीला जोर लागत नाही. आणि जोर लागला नाही की हात घसरत नाही. एका भोपळ्याला एकच करवत आणि एकच हात. बाकीच्यांचे हात मांडीखाली, म्हणजे मध्ये बोट घालायचा मोहच नको. करवत दुसऱ्याला द्यायची तर हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, त्यानं उचलायची. "आपल्याकडं म्हणतात ना, सुरी हातात दिली की भांडण होतं," तू म्हणालीस. "मी पोरांना तेच सांगते. भांडण होतं का नाही ते देवाला माहीत, पण बोट वाचतं."

आणि भोपळ्याखाली चुंबळ. बाया डोक्यावर घागर घेताना खाली कापडाचं वेटोळं ठेवतात, तशी. भोपळा हलत नाही मग. कारखान्यात लाखाचं यंत्र पक्कं बसवायला आम्ही काय काय करतो, आणि तू जुन्या लुगड्याच्या एका तुकड्यात ते भागवलंस.

कोरलेले तुकडे फेकायचे नाहीत, हाही तुझाच कायदा. डोळ्यांच्या, नाकाच्या जागचे तुकडे खिचडीवाल्या मावशींकडं जायचे आणि दुपारी त्यांची भाजी व्हायची. मग एका पोरानं घरी जाऊन सांगितलं, "आज शाळेत आम्ही डोळ्यांची भाजी खाल्ली," आणि त्याचा आजा काठी घेऊन शाळेत आला. त्यालाही तू बसवून वाटीभर भाजी वाढलीस. जाताना म्हणाला म्हणे, "पुढल्या खेपेला कान बी करा."

दुसरं भांडण मात्र माझ्या घरातलं होतं, आणि ते तू सोडता सोडलं नाहीस.

आपल्याकडं अख्खा भोपळा बाईनं कापायचा नाही. पहिला घाव पुरुषाचा, मग पुढं बाई चिरते. आईच्या वेळी अण्णा घालायचे, अण्णांच्या माघारी मी. मंगल वैजापूरची, तिच्या माहेरीही तेच. त्यामुळं आमच्या घरी भोपळा आला की तो ओट्यावर माझी वाट बघत बसायचा. मी कारखान्यातून आलो, हातपाय धुतले, की मंगल हाक मारायची, "अहो, तेवढा भोपळा." मी बाह्या सरसावून जायचो, एक घाव घालायचो आणि विजयी मुद्रेनं बाहेर येऊन बसायचो. स्वयंपाकघरात मला दुसरं काही येत नाही. चहासुद्धा उतू घालतो. तेवढा एक मान होता माझा.

शाळेत पहिल्या वर्षी तूही रीत पाळलीस. टोपी काढायला हेडसरांना बोलवायचं ठरलं होतं, आणि त्यांना नेमकं मीटिंगला जावं लागलं. पोरं चमचे घेऊन बसलेली. तू म्हणालीस, आपल्यात बाई पहिला भोपळा कापत नाही, उद्या करू. तेव्हा कुठल्याशा पोरीनं विचारलं, "मॅडम, बाईनं कापला तर भोपळ्याला कळतं का?"

पंचवीस वर्षांत असा प्रश्न तुला कुणी विचारला नव्हता. मग म्हणालीस, "मलाही माहीत नाही. बघू या." आणि कापलास. सगळी पोरं वाकून बघत होती, भोपळ्याला कळतंय का ते.

त्या शनिवारी आमच्या घरी येऊन तू मंगलसमोर म्हणालीस, "हिला कापू दे आता." मी म्हणालो, मी कुठं अडवलंय? तू म्हणालीस, "अडवलं नाहीस. पण सुरी घेऊन उभा राहतोस." मंगल कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. मी काहीतरी रीतिभातीबद्दल बोललो, आणि तू हसलीस. तुझं ते हसणं मला राग येईल इतकं समजूतदार होतं. नंतर दर भोपळ्याला आपला हा वाद व्हायचा. तो मी कधी जिंकलो नाही, पण हरल्याचंही कबूल केलं नाही.

दवाखान्यातसुद्धा मी तुला तेच म्हणालो. कसला करंटा माणूस मी! तुझ्या हाताला सलाईन लावलेली, आणि मी म्हणतो, "आता बरी हो आक्का, पण ते सुऱ्या-करवतींचं सोड." तू डोळे मिटून म्हणालीस, "पोरांचं फूल धरलं का विचार." वेलाबद्दल विचारत होतीस. मी हेडसरांना फोन केला, धरलंय म्हणाले. मी तुला सांगितलं. तुला बरं वाटलं. "तू बरोबर होतीस" हे चार अक्षरी वाक्य... चार नाही, जास्त होतात, पण तेवढंही मला म्हणता आलं नाही. मनात होतं. ओठावर आलं की मला वाटायचं, असं बोललो तर तिला वाटेल हा निरोप घेतोय. म्हणून मी दवाखान्याच्या चहाला नावं ठेवत बसलो.

असो. तर हेडसर दारात उभे होते.

त्यांनी माझा अंगठा बघितला. टेबलावरचा भोपळा बघितला. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. "मी म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "मोठ्या माणसाचं हे, तर पोरांचं काय? राहू द्या दादा. भोपळे मावशींकडं पाठवू. मुलांनो, वह्या काढा, चित्र काढा."

एकही वही निघाली नाही. मला तुझी आठवण आली म्हणणं खोटं होईल. मला लाज वाटली. तू गेल्यावर पंधरा दिवसांत मी तुझं दुकान बंद केलं होतं, तेही दोन मिनिटांत.

आम्रपाली उभी राहिली. हाताची घडी घालून. "सर, चूक काकाची हाय. भोपळ्याची नाय."

"काय चूक?" हेडसर म्हणाले.

"चुंबळ नाय. हात सुरीच्या म्होरं. आन् बोलत बोलत कापत होते. मॅडम म्हणायच्या, तोंड चालू तर सुरी बंद."

मागून अरमान नावाचा एक पोरगा ओरडला, "सर, काकाको नियम नै मालूम! काका नवीन है!"

वर्ग हसला. हेडसरांच्या ओठाचा कोपरा हलला, पण ते म्हणाले, "बरोबर आहे बाळांनो, पण टोपी कोण काढणार? मला तर ती सुरी बघून कापरं भरतं. काकांचा हात गेला. मॅडम नाहीत."

मग दाराजवळच्या बाकावरून मंगल उठली. मी तिला चमच्यांची पिशवी सांभाळायला आणलं होतं. तिनं आधी माझ्या अंगठ्याला रुमाल बांधला, चांगला करकचून, आणि मला खांद्याला धरून आम्रपालीच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. "हात मांडीखाली," आम्रपालीनं मला सांगितलं. मी घातला.

मंगलनं पिशवीतला टॉवेल काढला, पिळा घातला, चुंबळ केली. रक्ताचा डाग लागलेला भोपळा बाजूला सारला आणि दुसरा घ्यायला वळली. हाताला आला तो सगळ्यात मोठा. उचलला तेव्हा त्याच्यावरची अक्षरं दिसली. तू दवाखान्यात होतीस तेव्हा पोरांनी काट्यानं कोरली होती, आणि फळ वाढलं तशी तीही वाढून, फाकून, खपली धरून बसली होती. "मॅडम लवकर या."

मंगल थांबली. हेडसर दुसरीकडं बघायला लागले. मी मांडीखालचा हात आणखी आत घातला.

"हा ठेवू का रे बाजूला?" तिनं पोरांना विचारलं. "आठवण म्हणून?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. आम्रपालीच बोलली. "नाय. मॅडम म्हणायच्या, भोपळा ठेवायला नसतो. सडतो. खायचा आन् बी ठेवायचं."

मंगलनं भोपळा चुंबळीवर बसवला, अक्षरं पोरांकडं करून. पदर खोचला. सुरी देठाच्या बाजूला तिरकी घातली, थोडीशीच, आणि मग सुरी जागच्या जागी ठेवून डाव्या हातानं मागून भोपळा फिरवत गेली. हात फिरवायचा नाही, भोपळा फिरवायचा. एक शब्द बोलली नाही. टोपी निघाली तेव्हा देठाला धरून ती वर उचलली, आणि आतला केशरी गर दिसल्यावर पोरांनी जो आवाज केला, आक्का, तो तू दर वर्षी ऐकायचीस आणि मी फक्त तुझ्या तोंडून ऐकला होता.

पुढचा दीड तास मी काय बघितलं ते तुला सांगायची गरज नाही, पण सांगतो. कारण आतापर्यंत तू सांगायचीस आणि मी ऐकायचो. सहा टोळ्या झाल्या, सहा भोपळे, माझ्या सहा करवती. प्रत्येक करवत खाली ठेवली जायची, मग उचलली जायची, एकदाही हातातून हातात गेली नाही. अरमान घाईत होता तर त्याच्याच टोळीतल्यानं सांगितलं, "हळू, तुकडा परत बसत नै." एका भोपळ्याला तीन डोळे झाले, कारण तिघांनाही डोळाच कोरायचा होता. एकाला मिशा आल्या, हुबेहूब हेडसरांसारख्या, आणि हेडसर वाकून बराच वेळ त्या मिशांकडं बघत राहिले. मला कुणी करवत दिली नाही. मला चमचा दिला. मी बिया खरवडल्या, एका हातानं. आम्रपालीनं मध्येच येऊन तपासलं आणि म्हणाली, "काका, अजून जाड हाय." मी अजून खरवडलं.

कुणालाही खरचटलं नाही. एवढी शिस्त मी आमच्या कारखान्यात, दंडाच्या भीतीनं, वीस वर्षांत बघितलेली नाही. तू ती भोपळ्यातून काढली होतीस. तू जाऊनही ती त्या खोलीत तशीच बसलेली होती, मांडीखाली हात घालून. आक्का, तू बरोबर होतीस. घे, झालं म्हणून. उशिरा झालं, पण लेखी झालं.

निघताना हेडसर बियांच्या परातीपाशी उकिडवे बसले होते. मावशींकडून चुलीतली राख मागवली, मूठभर बिया तिच्यात घोळल्या आणि कागदाच्या पुडीत बांधल्या. पुडी खिशात टाकत म्हणाले, "जूनमध्ये लावायला लागतील." मग माझ्याकडं बघून, "दादा, पुढच्या वर्षी पण या. वहिनींना घेऊन." आणि जरा विचार करून, "म्हणजे, वहिनी आल्या की तुम्हीही या."

मी आणि मंगल घाट उतरून निघालो. स्कूटर तीच चालवत होती, माझा अंगठा ठसठसत होता. दौलताबादच्या पुढं उसाच्या रसासाठी थांबलो तेव्हा मी विचारलं, "तुला भोपळा कापायला कुणी शिकवलं?"

"आक्कांनी," ती म्हणाली. "झाली की आठ-दहा वर्षं. तुम्ही ड्युटीवर असताना मीच कापते."

"मग मी घरी असलो की हाक का मारतेस?"

"तुम्हाला आवडतं म्हणून."

मी रसाचा ग्लास खाली ठेवला. आठ-दहा वर्षं, आक्का! आणि दर शनिवारी तू माझ्याशी त्याच गोष्टीवरून भांडत होतीस, सगळं ठाऊक असून. मी म्हणालो, "बरं झालं तू होतीस. नाहीतर मी आक्काचा तास बुडवलाच होता."

मंगलनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तास मलाच घ्यायला सांगितला होता त्यांनी. दवाखान्यात, तुम्ही चहा आणायला खाली गेला होता तेव्हा. पण हेडसरांचा फोन आला आणि तुम्ही एकदम येतो म्हणालात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमचा चेहरा जरा बरा दिसला. म्हणून मी गप्प बसले."

"आणखी काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, दिल्यालाही ने बरोबर. पण पुढं उभा करू नकोस त्याला. पोरांच्यात बसव. शिकेल हळूहळू."